साडूभाऊंचं टँकरराज्य

संकट नावाची गोष्ट आमच्या साडूभाऊंना जितकी मानवते तितकी जगात कुणालाच मानवत नसेल! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे हे यजमान, गाव मंठ्याजवळचं. गारपीट झाली की ताडपत्र्या घेऊन हे पुढे, ओढ्याला पूर आला की खिचडीच्या पातेल्यापाशी हेच. आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर सुरू झाला की विचारूच नका! गळ्यात शिट्टी, हातात गेरूचा डबा, प्रत्येक हंड्यावर नंबर. एकदा आमची सासू पाहुणी आली, तर तिच्याही हंड्यावर अठ्ठेचाळीस! "मामी, सोयरीक घरात. रांगेत न्हाई," असं वर तोंडावर सांगितलं. म्हातारी आठवडाभर बोलली नाही.

अशा माणसानं टँकर बंद पाडायचा ध्यास घ्यावा, हे अजबच. एका संस्थेची माणसं नाल्यावर बंधारे बांधायचं म्हणून श्रमदान मागायला आली, तेव्हा गाव म्हणालं, "टँकर येतोच की, मंग कशाला खपायचं?" साडूभाऊ ताडकन उठले. "टँकर येतो म्हणून तं लोकं आपल्या गावात पोरी देऊन न्हाई राह्यले! किती वर्सं रांगेत उभं ऱ्हायचं?" तिथल्या तिथं श्रमदानाला नावं पडू लागली. घरी आल्यावर आक्का म्हणाल्या, "टँकर गेल्यावर तुमाला कोन इचारनार, हे हाय का ध्यानात?" "हाय. बिलकुल हाय," एवढंच म्हणून ते जेवायला बसले.

पण धीर धरणं काही त्यांच्या रक्तात नाही हो! श्रमदानाच्या घमेल्यांवर गेरूचे नंबर पडले. संस्थेच्या साहेबांनाही एकविसावा नंबर घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. विहिरींना पाणी टिकायला दोन-तीन पावसाळे जातील असं साहेबांनी परोपरीनं सांगितलं. हे मात्र रोज सकाळी विहिरीत खडा टाकून कान लावायचे आणि "जल्दी, जल्दी!" म्हणून विहिरीलाच दटावायचे.

असे तीन पावसाळे गेले आणि यंदा वैशाखात भर दुपारी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, टँकर न्हाई! अर्जच न्हाई केला गावानं! हिरीला पानी हाये, बराबर दोन पुरुस खोल!" ते इतके ओरडत होते की मीही इकडे जालन्यात भर बाजारात ओरडलो. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"कवा येता?" त्यांनी विचारलं.

"काय काम काढलंत?"

"काम न्हाई. माह्याकडं आता कोनाचंच काही काम न्हाई. नुस्तं बसायला या."

मिळेल त्या एसटीनं मी निघालो.