पोत्यातला आहेर

भावाने बाबांचा ट्रॅक्टर भंगारात द्यायचं ठरवलं आहे, हे मला आईकडून कळलं. तेही फोनवर लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलता बोलता, मध्येच. मी बुऱ्हाणपूरला शाळेत शिकवते, माझं माहेर बहादरपूर तिथून हाकेच्या अंतरावर. शाळा सुटल्यावर घरी न जाता तशीच स्कूटीवर निघाले आणि अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या भावाशी भांडले. त्याचं म्हणणं सरळ होतं. ठिबकच्या नळ्या ठेवायला शेडमध्ये जागा नाही, आणि हे धूड बाबा होते तेव्हापासूनच बंद पडलेलं आहे. "तुला एवढा पुळका आहे तर घेऊन जा, तुझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत ठेव," तो म्हणाला. शेवटी दसऱ्यापर्यंत थांबायला तयार झाला. तोवर सुरू झाला तर राहील, नाही तर जाईल.

मला ट्रॅक्टर चालवता येत नाही, शिकायचंही नाही. मला त्याचा आवाज हवा होता. नवे ट्रॅक्टर सगळे सारखेच गुरगुरतात. बाबांचा ट्रॅक्टर मध्येच एक ठोका गाळायचा, मग पुढचे दोन घाईने मारायचा. संध्याकाळी केळीच्या बागांपलीकडून तो ऐकू आला की मी पुस्तक मिटून ओसरीवर येऊन बसायची. बाबांचे फोटो आहेत. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ते अवघडून हात जोडून उभे आहेत. पण ते निघालेत आणि अजून पोचलेले नाहीत, असा जो थोडासा वेळ रोज असायचा, तो कुठल्याच फोटोत नाही. त्या वेळेसाठी माझा जीव तुटत होता.

आईला हे खूळ अजिबात पटलं नाही.

"कशाले पाहिजे तुले तो आवाज?" ती म्हणाली. "आवाज आला का माणूस येते. आता आवाज येईन अन् माणूस येणार नाही. मंग काय करशीन?"

 मी जास्तच हट्टाला पेटले.

बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्याकडचे एक जुने मिस्त्री आणले. त्यांनी इंजिन हाताने फिरवून पाहिलं, ते फिरत होतं. पंप गेला होता, म्हणजे डिझेल दाबून इंजिनात पाठवणारा लोखंडी डबा. त्याच्या आतले पार्ट मिळाले की काम झालं, असं ते म्हणाले. हे मॉडेल निघणंच कधीचं बंद झालं आहे, हे त्यांनी निघताना, चप्पल घालता घालता सांगितलं.

मग माझी वणवण सुरू झाली. शहरातली दुकानं झाली, अशीरगडच्या रस्त्यावरचं भंगाराचं आवार झालं, एका रविवारी जळगावही झालं. दुकानदार माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघायचे आणि नसला की पाणी विचारायचे. पार्ट मात्र मिळत होते. आमच्या मॉडेलचे, जुन्या स्टॉकातले, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेले. मी ते दिवाळीच्या फराळासारखे जपून आणायची आणि ते बसायचे नाहीत. मिस्त्री म्हणायचे दुकानदार चोर, दुकानदार म्हणायचे मिस्त्री अडाणी.

शेवटी वैतागून मिस्त्रींनी पंप खाली काढला आणि पत्र्याच्या तुकड्याने खरवडायला घेतला. कारण आमच्या ट्रॅक्टरवरचा कुठलाच नंबर वाचता येत नव्हता. बाबा दर दसऱ्याला ट्रॅक्टर धुवायचे आणि मग रंगवायचे. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा हात, बैल गेले तरी तसाच राहिला. ऑइल पेंटचा डबा आणायचे आणि दिसेल त्यावरून ब्रश फिरवायचे, नटबोल्टही सोडायचे नाहीत. वर हळदकुंकू. पुढच्या वर्षी त्या हळदकुंकवावर पुन्हा रंग.

मिस्त्रींनी मला जवळ बोलावलं. इंजिनावरचा रंग जाड पापुद्र्यांनी निघत होता. पंपावर एकच पातळ थर होता, आणि त्याखाली वेगळाच नंबर.

"दीदी, ये पंप इस गाड़ी का है ही नहीं," ते म्हणाले. "छोटे इंजन का है. बाद में किसी ने लगाया और रंग मार दिया."

आमच्या घरात रंगाचा ब्रश बाबांखेरीज कोणी हातात धरत नसे.

मी आत जाऊन आईला हे सांगितलं. ती मेथी निवडत होती. 

"धूलकोटले लग्न होतं त्यायच्या दोस्ताच्या पोरीचं," ती म्हणाली. "तव्हा आहेर पोत्यात घालून नेला होता. मी म्हटलं, आहेर पोत्यात कोण नेते? तर म्हणे भांडं आहे, जड आहे."

धूलकोटला मी भावालाच घेऊन गेले. इतके दिवस माझी टिंगल करणारा तो, त्या पोत्याच्या गोष्टीने त्याचीही झोप उडाली होती. बाबांचे मित्र अंगणात खाटेवर बसले होते. आम्ही कोणाची मुलं ते सांगितलं, तर आधी रडले, मग सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि आम्ही काही विचारायच्या आत म्हणाले, "पंपासाठी आले ना तुम्ही?"

त्यांचा ट्रॅक्टर त्याच कंपनीचा, पण लहान इंजिनाचा. मुलीचं लग्न तोंडावर आणि पेरणी डोक्यावर असताना त्यांचा पंप निकामी झाला होता. बाबांनी स्वतःचा काढून आणला. "बसतो म्हणाले, धूर जरा जास्त सोडेल, सोडू दे. मी नाही म्हणत होतो. तर मला बाजूला घेऊन बोलले, माझ्या पायात आता दम नाही राहिला. क्लच दाबला की डोळ्यापुढे अंधारी येते. पोरगा नवीन घेऊनच राहिला आहे. माझा असाही उभा राहणार, तुझा तर चालू दे." आणि त्यांचा मेलेला पंप त्याच पोत्यात घालून बाबा परत घेऊन गेले होते. "मला कसम घातली, घरी कळू देऊ नको. पोरांना वाटू दे गाडीच म्हातारी झाली."

भाऊ उठून गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ एका म्हशीकडे बघत उभा राहिला. मला बाबांचा राग आला, खरंच आला. पाय दुखतात एवढं सांगायला काय जात होतं? आणि त्याच वेळी त्यांना एकदा, फक्त एकदा, क्लचवरून पाय काढून चोळताना बघावंसं वाटलं, म्हणजे मी तो मांडीवर घेतला असता.

धूलकोटच्या या काकांचा ट्रॅक्टरही आता उभाच होता. त्यांनी स्वतः पाना घेऊन पंप सोडवला, पुसला आणि सुनेच्या हातून त्याला कुंकू लावून दिला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मिस्त्रींनी पंप बसवला. भाऊ सीटवर बसला. काळा धूर निघाला, शेड हादरलं आणि तो सुरू झाला. तोच, ठोका गाळणारा. मी जवळच उभी होते. आवाज सगळा होता, आणि मला काहीच होत नव्हतं. कानठळ्या बसल्या, एवढंच. इतकी वणवण करून मी नुसतं एक इंजिन सुरू केलं होतं. माझा चेहरा पडला असणार.

आई कधी बाहेर आली ते कळलं नाही. ती सरळ भावाजवळ गेली आणि इंजिनापेक्षा मोठ्याने ओरडून म्हणाली, "येथी काय उभा राहिला? वावरापलीकडं घेऊन जाय. अन् मंग ये."

तो गेला. बागांच्या आड दिसेनासा झाला, मग आवाजही विरला. आई ओसरीवर बसली आणि तिने मला हाताने शेजारी बसायची खूण केली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग लांबून, केळीच्या पानांमधून, एक ठोका गाळत आणि दोन घाईने मारत तो यायला लागला. मी काहीतरी म्हणणार होते.

"बोलू नको," आई म्हणाली.

फाटकातून कोण आत येणार आहे ते आम्हा दोघींना माहीत होतं. तरी आम्ही फाटकाकडे बघत बसलो.