अण्णांची हरकत

माझ्या बापानं स्वतः जमीन विकली आणि तिच्यावर होणाऱ्या प्रोजेक्टला स्वतःच हरकत घेतली.

दोन्ही कागदांवर सही त्यांचीच.

अण्णांना जाऊन आज वर्ष झालं. ते नेमके कुणाच्या बाजूनं होते, हे मला अजून कळलेलं नाही.

पडेगावात आमच्या कॉलनीच्या मागंच आमचं रान होतं. मी वाळूजला कंपनीत, धाकटा भाऊ संतोष मोबाइलच्या दुकानात. रान कसणारे एकटे अण्णा, आणि त्यांचे गुडघे गेलेले.

बिल्डर आला. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर लोक तसंही बोलले.

व्यवहारात आम्हा दोघा भावांना एकेक फ्लॅट मिळणार होता.

मग प्लॅनचा बोर्ड लागला. उंच इमारती, खाली दुकानं, जमिनीच्या पोटात पार्किंग.

कॉलनी हादरली.

आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. त्यात एवढी माणसं आली तर? ड्रेनेज कुठं सोडणार? दौलताबाद रोडवर रविवारी पर्यटकांमुळं आत्ताच गाडी हलत नाही.

कॉलनीचे अध्यक्ष कुलकर्णी सर, रिटायर्ड शिक्षक, हरकतीचे फॉर्म घेऊन घरोघरी फिरले. आमचं घर तेवढं सोडलं. साहजिक आहे.

मी मान खाली घालून दूध आणायला जायचो. मला पाण्याची काळजी होती. आणि फ्लॅटही हवा होता.

एक दिवस संतोषचा फोन.

"दादा, हरकतींच्या यादीत अण्णांचं नाव आहे."

"त्याच नावाचं दुसरं कुणी असेल."

"अरे, पत्ता आपल्याच घराचा लिहिलाय!"

घरी आलो तर अण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसलेले.

"व्हय, म्याच दिला फॉर्म. सरांकडं जाऊन मागून आणला."

"अहो, पण जमीन तुम्हीच विकली ना?"

"इकली की. मग?"

मग काय, ते आम्हालाही सांगता येईना. संतोष चिडला. "उद्या व्यवहार मोडला तर?" अण्णा शेंगा फोडत राहिले.

माय आतून म्हणाली, "त्यांला नका इचारू. त्यांलाच ठावं नाय."

महापालिकेत हरकतींवर सुनावणी होती, तिला मीच त्यांना गाडीवर घेऊन गेलो. हॉलमध्ये एका अंगाला कॉलनी, दुसऱ्या अंगाला बिल्डरची माणसं. बापाला कुठं बसवावं तेच कळेना. शेवटी दाराजवळ एक खुर्ची ओढली.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "बाबा, या जमिनीशी तुमचा संबंध काय?"

"माझी व्हती."

"मग आता विकल्यावर हरकत कशाची?"

"साहेब, डोंगराकडनं वढा येतो. लई पाऊस झाला की खालच्या अंगाला कमरेइतकं पाणी थांबतं. आन् ह्यांनी गाड्यांचं तळघर तिथंच काढलंय."

बिल्डरचा इंजिनिअर म्हणाला, "सर, रेकॉर्डला ओढा नाही."

"रेकॉर्डला नाय. रानात हाय."

कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. कुलकर्णी सर उठून उभे राहिले. "म्हणजे प्रोजेक्ट रद्द करा, असंच म्हणणं आहे ना अण्णा?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं.

"तसं नाय म्हणता येत. पोरांची घरं हायेत तिथं."

टाळ्या थांबल्या.

येताना मी गाडी चालवता चालवता विचारलं, "अण्णा, विकतानाच का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलं नाय."

थोडं पुढं आल्यावर स्वतःच म्हणाले, "आन् सांगितलं असतं तर त्यानं घेतली नसती."

"मग आता का सांगितलं?"

म्हणाले, "थांब इथं, चहा घेऊ."

चहा घेतला आणि घरी आलो.

पुढं जागेची पाहणी झाली, ती मे महिन्यात. अण्णांनी काठीनं ओढ्याची वाट दाखवली. जमीन भेगाळलेली, चपला तापत होत्या. सगळ्यांनी फोटो काढले. प्लॅन जसाच्या तसा मंजूर झाला. आमचा व्यवहारही मोडला नाही.

पण कुलकर्णी सर ओट्यावर यायचे बंद झाले. रोज संध्याकाळी पेपर घेऊन यायचे ते. बिल्डरचा माणूस समोरून गेला तरी नमस्कार करेना. अण्णा एकटेच बसायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसावं असंही वाटायचं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

मग ते आजारी पडले. दवाखान्यात एका दुपारी, आम्ही दोघंच असताना, मी धीर करून विचारलं.

"अण्णा, मी तो फ्लॅट घेऊ का नको?"

"घे की."

मला इतकं हलकं वाटलं. तेवढ्यात डोळे मिटूनच म्हणाले,

"गाडी मातर खाली लावू नको."

चार दिवसांनी गेले.

यंदा तळघराचा खड्डा खणला. ऐन उन्हाळ्यात पाणी लागलं. पंप लावून ते रस्त्यावर सोडलं आणि आमची अख्खी कॉलनी, बादल्या मोजून अंघोळ करणारी, वाहतं पाणी बघत उभी राहिली.

कुलकर्णी सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अण्णा बरोबर होते रे."

इंजिनिअर म्हणाला, "इथं कुठंही खणलं तरी एवढं लागतंच."

मला दोघांचंही पटलं.

अण्णा बरोबर असतील, तर त्यांनी माहीत असून जमीन विकली. चूक असतील, तर म्हातारपणी उगाच सगळ्यांशी वाईटपणा घेतला.

यातलं कुठलं खरं निघावं असं मला वाटतं, तेही मला सांगता येत नाही.

फ्लॅटच्या कराराचे कागद बिल्डरकडून येऊन आठवडा झाला. सही करायला बसतो आणि उठतो.

अण्णा, आता तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. मीसुद्धा नाही.

निवांत राहा. तुमच्या थोरल्याचा नमस्कार घ्या.