शरयूताईंचा विस्तव

शरयूताई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की दारातच पर्समधून उदबत्ती काढून पेटवायच्या. यजमानांना वाटायचं, बाई फार धार्मिक. बाई मात्र देवाकडे न बघता उदबत्ती आधी फरशीजवळ धरायच्या, मग स्टुलावर चढून चौकटीच्या वरच्या कडेशी न्यायच्या आणि धूर कुठे जातो ते डोळे बारीक करून बघत राहायच्या. मी सिंगापूरच्या यिशुन भागात राहायला आलो त्या दिवशी त्या समोरच्या फ्लॅटमधून एका हातात पोह्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात उदबत्ती घेऊन अवतरल्या. पाच मिनिटांनी स्टुलावरूनच विचारलं, "हा उभा फॅन एसीच्या वाऱ्याविरुद्ध कुणी ठेवला?"

"मी."

"मग तुमचं स्वतःशीच भांडण असणार. तिकडे सरकवा."

सरकवला. त्या दिवसापासून माझं एसीचं बिल आणि माझा अहंकार, दोन्ही उतरले.

तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात या बाईंनी एकतीस वर्षं बॉयलर तपासले होते. उंची जेमतेम पाच फूट, कपाळाला टिकली, टिकलीवर हेल्मेट. "आग काय, कुणालाही दिसते," त्या म्हणायच्या, "वारा बघायला शिकावं लागतं." हे वाक्य मी ऑफिसात माझं म्हणून बऱ्याचदा खपवलं आहे.

त्यांची खरी परीक्षा निवृत्तीनंतर आली. मुलगी मुक्ता न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला नोकरीला. तिने तिथे एक जुनं लाकडी घर घेतलं आणि आईबाबांना कायमचं बोलावलं. माधवराव, म्हणजे शरयूताईंचे यजमान, ठाम नाही म्हणाले. त्यांना संधिवात. एमआरटी ट्रेनमधल्या एसीच्या गारव्यातही त्यांची बोटं आखडायची. "मला तिथे नेलंस तर फ्रीजमधल्या भेंडीसारखा होईन," ते म्हणाले. आम्ही हसलो. ते हसत नव्हते.

"हे आले नाहीत तर मी जाणार नाही," शरयूताई मला म्हणाल्या, "आणि मुक्ता तिकडे एकटीच. तेव्हा आता एकच काम. यांची खोली गरम झाली पाहिजे."

घर गरम करायला तिथे लाकडं जाळायची लोखंडी शेगडी बसवतात. ती कोणती घ्यायची आणि कुठे ठेवायची, हा निर्णय शरयूताईंनी स्वतःकडे घेतला. बाहेर बत्तीस डिग्री, आमच्या अंगाला शर्ट चिकटलेले, आणि बाई थंडीचा बंदोबस्त करायला निघाल्या. रविवारी सकाळी, रीतसर परवानगी काढून, त्यांनी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत कागदी टेप चिकटवून मुक्ताचं घर जमिनीवर आखलं. खऱ्या मापाचं. दारं, पॅसेज, मागची माधवरावांची खोली. पुठ्ठ्याची शेगडी केली. मला बसायच्या खोलीत बसवलं, माधवरावांना त्यांच्या खोलीत खुर्ची दिली.

"त्यापेक्षा तो बंब माझ्या खोलीतच ठेव ना," माधवराव म्हणाले.

"झोपलेल्या माणसाच्या खोलीत विस्तव नाही. गप्प बसा, तुम्ही आता थंडीत आहात."

मुक्ता फोनवरून बघत होती. शेगडी बसवणाऱ्या माणसाने तिला समोरचा कोपरा सुचवला होता, बाहेरच्या भिंतीशी. तिथे छान दिसते म्हणे. शरयूताईंनी पुठ्ठा उचलला आणि घराच्या मध्यावर, पॅसेजच्या तोंडाशी आणून ठेवला. लाकडी भिंतींपासून अंतर टेपने मोजलं. "धुराडं सरळ वर जाईल. धुराला वळणं सोसत नाहीत. आणि यांच्या दारावर झरोका पाडायचा. ऊब डोक्यावरून चालते, थंडी पायाशी."

"पण आई, मग सोफा कुठे ठेवू?"

"सोफ्याला थंडी वाजत नाही."

हे सगळं शेजारच्या बाकावरून रहीमअंकल बघत होते. ब्लॉकमधले जुने शेजारी, जन्मभर साते, म्हणजे काडीला टोचलेलं मांस, कोळशावर भाजून विकलेला माणूस. ते उठले, पुठ्ठ्याच्या शेगडीभोवती एक फेरी मारली आणि इथल्या लकबीत म्हणाले, "टू बिग, लाह."

एकतीस वर्षं बॉयलर तपासलेल्या बाईंना.

"घर छोटं, आग मोठी," अंकल पुढे इंग्रजीत समजावू लागले. "तुम्हाला उकडणार. मग तुम्ही शेगडीची हवा बंद करणार. मग ती जळत नाही, नुसती धुमसते. गिऱ्हाईक कमी असलं की मी मोठा कोळसा लावतच नसे. नाहीतर साते काळी आणि मीही काळा."

शरयूताईंनी पुठ्ठ्याचं माप पुन्हा घेतलं. मग जमिनीवरच मांडी घालून वहीत आकडेमोड केली, पुसली, पुन्हा केली. शेवटी मुक्ताला म्हणाल्या, "मी सांगितलेली मोठी शेगडी रद्द कर. माझं चुकलं. मी जहाज चालवायला निघाले होते. आपल्याला दोन खोल्या गरम करायच्यात. धुराड्यात काजळी धरून पेटली असती तर यांना भलतीच ऊब मिळाली असती."

मग उठून त्यांनी रहीमअंकलना वाकून नमस्कार केला. भर ब्लॉकखाली. अंकल इतके गोंधळले की त्यांनीही परत वाकून केला. हाताखाली यार्डभर माणसं वागवलेली माझी ही शेजारीण, चूक कबूल करताना तिचा आवाज जराही खाली आला नाही. त्या पाच फुटांचा मला इतका अभिमान वाटला की मी टेपच्या घरात उभा राहून टाळ्या वाजवल्या. "भिंतीत उभे आहात तुम्ही," त्या म्हणाल्या.

लहान शेगडी आली, मध्यावर बसली, झरोका पडला. माधवराव एका हिवाळ्यापुरते यायला कबूल झाले. विमानतळावर म्हणाले, "परतीचं तिकीट माझ्या खिशात आहे. हिला माहीत नाही." हिला अर्थातच माहीत होतं.

जुलैत तिकडे ऐन हिवाळा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला. शरयूताईंनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं आणि फोन उलटा फिरवला. बाहेर खिडकीच्या काचेपलीकडे सगळं पांढरं. आत पलंगावर माधवराव गाढ झोपलेले, तोंड उघडं, बोटं सैल सुटलेली.

"नीट बघा," त्या कुजबुजल्या आणि कॅमेरा खाली नेला.

माधवरावांचा एक उघडा पाय पांघरुणाबाहेर होता.