खिडकीशी धरलेली बाटली

तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासणारा तो माणूस आधी बाटली खिडकीच्या उजेडात धरतो, मगच यंत्राकडे वळतो. औषध घातलेल्या पाण्यातून किती प्रकाश पार होतो, त्यावरून ते यंत्र फ्लोराइड किती ते सांगतं. त्या आकड्यावर आमच्या गावाचा एकुलता एक हातपंप बंद करायचा की नाही ते ठरणार होतं. आकडा वाईट आला. मी सरपंच, म्हटलं, "लिहा मग, भाऊ."

त्याने आमच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडातून आत बोट फिरवलं, बोटाला करडी पूड लागली. "बाई, राखेनं घासली काय?"

"बायकांनी घासली. सरकारात मळकी बाटली कशी द्यायची?"

"मंग यंत्र तुमची चूल सांगून राह्यलं, पंप नाई."

भर उन्हात तो स्वतः पंपावर आला, नवी बाटली तिथल्याच पाण्याने विसळून भरून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आकडा चांगला निघाला. मी आभार मानेपर्यंत पुढच्या गावाची बाटली त्याने खिडकीशी धरली होती.