शंभरावं कार्ड

गल्लीत त्यांना सगळे खरखरकाका म्हणत. धंदा कवळ्या बनवण्याचा. दिवसभर लोकांचे दात घासून काका संध्याकाळी रेडिओपाशी बसले की घरातून जी खरखर सुरू व्हायची, ती जेवणाची हाक येईपर्यंत थांबत नसे. त्या खरखरीतून ते हजारो मैलांवरची स्टेशनं हुडकून काढत, काय ऐकलं ते पत्राने कळवत, आणि स्टेशनवाले पोच म्हणून रंगीत कार्ड पाठवत. अशी नव्व्याण्णव कार्डं भिंतीवर होती. या छंदाचा नियम एकच: स्टेशनचं नाव स्वतःच्या कानांनी ऐकलं तरच पत्र धाडायचं.

शंभरावं कार्ड हवं होतं ते लाँगवेव्ह पट्ट्यावरच्या एका परदेशी, म्हाताऱ्या स्टेशनचं. वीस वर्षं ते काकांना हुलकावणी देत होतं, आणि आज संध्याकाळी सात वाजता कायमचं बंद होणार होतं. खरखर कमी व्हावी म्हणून काकांनी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, दारावरच्या बेलची वायरसुद्धा काढली. काकू उकाड्यात मटार सोलत बसल्या होत्या.

"मीही बंद होऊ का?" त्यांनी विचारलं.

सातला पाच कमी असताना स्टेशन लागलं, आणि नेमकं वरच्या शिंपीणबाईंनी मशीन सुरू केलं. हातातोंडाशी आलेला घास मोटारीच्या घुंईघुंईत बुडाला. काकूंच्या हातात पेन्सिल कोंबून काका जिना चढले. गयावया करून त्यांनी मशीन थांबवलं, धापा टाकत खाली आले, तोवर रेडिओत नुसती खरखर उरली होती.

"छान ऐकू आलं की," काकू म्हणाल्या. "तीन टोले पडले, बाईने नाव सांगितलं, मग सगळं गप्प. लिहून ठेवलंय. सारखं नाक ओढत होती पण, बिचारीला सर्दी झाली होती."

काकांनी कागद वाचला. नाव अगदी बरोबर होतं. खाली स्वतःची सही ठोकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस त्यांचं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या कवळीत तर वरचे दात खाली बसवले. तिसऱ्या दिवशी पत्र लिहिलं आणि काकूंपुढे सरकवलं.

"कान तुझे, कार्ड तुझं. कर सही."

"सर्दी बरी झाली का, तेही विचारा," काकू म्हणाल्या. असल्या पत्रात असलं काही लिहीत नाहीत, हे काकांनी सांगून पाहिलं. शेवटी लिहिलं.

दीड महिन्याने कार्ड आलं, काकूंच्या नावाचं. काकांनी अर्थ लावत वाचून दाखवलं. 'शेवटच्या दिवसाची पत्रं पुष्कळ आली. आवाज किती स्पष्ट होता, ते सगळ्यांनी लिहिलं. आमच्या निवेदिकेची विचारपूस फक्त तुम्ही केलीत. त्यांना सर्दी झालेली नव्हती.'

काकूंनी हातातलं काम सोडून कार्ड जवळ घेतलं. काकांनी भिंतीवरचं मधलं कार्ड काढून तिथे हे लावलं.

त्या संध्याकाळी रेडिओपाशी दोन खुर्च्या होत्या. काका डायल फिरवत, कुठे बाईचा आवाज लागला की थांबत आणि हळूच विचारत, "बघ गं, ही बरी आहे ना?"