शेठजींच्या इमारतीपुढे

“टोप घाल. शेठजी येई ऱ्हायनात.”

प्राचार्य बोलत होते माझ्याशी, पण बघत होते मोरपिसांच्या त्या टोपाकडे. अक्कलकुव्याहून भाड्याने आणवलेला.

मी या कॉलेजात मराठी शिकवायचो. तासांवर. जूनला पुन्हा ऑर्डर मिळाली तर नोकरी, नाही तर घरी. शेठजींनी कॉलेजाची नवी इमारत बांधून दिली. उद्घाटनाला त्यांचा जीवनपरिचय मी लिहायचा आणि मीच वाचायचा, असं ठरलं होतं. जीव ओतून लिहिला. कापसाच्या गाड्या हाकणारा पोरगा जिनिंगचा मालक कसा झाला, विद्यापीठातसुद्धा त्याच्या नावाच्या इमारती कशा उभ्या राहिल्या. खरं सांगतो, मला त्या माणसाचं कौतुक होतं.

ऐन वेळी प्राचार्य म्हणाले, “परिचय दुसरा सर वाचतीन. तू होळीना बावा व्हय. फोटोमा तूच शोभशी.”

आम्ही भिल्ल. आमच्यात बावा होणं, टोप घालून होळीपुढे नाचणं, म्हणजे नवस. माझा बाप काठी गावच्या होळीला बावा होतो. तेवढे दिवस पाळणी. खाटेवर बसत नाही, पायात चप्पल नाही, स्वतः रांधून खातो. होळी झाली की टोप उतरतो, तो पुढच्या फाल्गुनापर्यंत.

यांना तो भर पौषात हवा होता. गाडीपुढे नाचायला.

“सर, पाळणीशिवाय टोप घालत नाहीत.”

“दोन मिन्टं नाच ना भो. कोनता देव देखी ऱ्हायना?”

अंगाचा तिळपापड झाला. तरी टोप हातात घेतला. जूनची ऑर्डर आठवत होती.

गाडी आली. शेठजी उतरले. लाऊडस्पीकरवर माझा परिचय सुरू झाला. आणि मध्येच एक वाक्य, मी न लिहिलेलं. “रानात नाचणाऱ्या आदिवासींना शेठजींनी माणसांत आणलं.”

माणसांत आणलं. आणि आणून पुन्हा नाचायला उभं केलं!

मी टोप प्राचार्यांच्या हातात दिला.

शेठजींनी विचारलं, “काय झालं भाई? इमारत आवडली नाही?”

“इमारत चांगली आहे शेठजी. तिच्यात मी शिकवीन. तिच्यापुढे नाचणार नाही.”

 बँडवाल्यांना खूण झाली, ते वाजवू लागले.

जूनची ऑर्डर आली नाही. विचारायला गेलो की प्राचार्य “देखू” म्हणतात. चीड येते, रडूही येतं. बाप काहीच विचारत नाही, ते जास्त लागतं.

यंदा नवस मी बोललोय. फाल्गुनात बापाशेजारी बावा होऊन नाचेन, पाळणी पाळून. होळी झाली की टोप उतरवीन, इस्त्रीचा शर्ट घालीन आणि त्याच इमारतीत माझी जागा मागायला जाईन. ते नाही म्हणतील. मी परत जाईन.