आत्याच्या दाढेची कॅप

माझी आत्या जुने सोफे नव्यानं मढवून देते. खिळ्यांसाठी तिच्याकडे छान डबा आहे, पण ती तो वापरत नाही. बारीक खिळे चिमूटभर तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठाशी आणायचा आणि ठोकायचा, ही तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची पद्धत. एकदा एका गिऱ्हाइकानं काहीतरी विनोद केला, आत्याला हसू फुटलं आणि खिळा दाढेखाली सापडला. दाढेचा कोपराच उडाला.

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि शांत होत्या. "दाढ जिवंत आहे, नस काढायला नको," त्या म्हणाल्या. "पण नुसतं भरून टिकणार नाही. कॅप बसवावी लागेल."

"त्यासाठी दाढ घासणार ना?"

"हो, चारही बाजूंनी."

"घासलेलं परत येतं?"

"नाही येत. आणि कॅप बसली म्हणजे सुटलात असंही नाही. कॅपखालची दाढ किडू शकते, रोज ब्रश करावाच लागतो."

मी आत्याला कोपर मारलं. "पुरे ना. डॉक्टर आहेत त्या."

"असू देत. दाढ माझी आहे."

तिचा हा भांडखोरपणा उगाच नव्हता. आजोबांनाही एका डॉक्टरांनी कॅप बसवली होती. "ठीक वाटतंय?" असं विचारल्यावर बधिर तोंडानं आजोबा म्हणाले, ठीक आहे. घरी आल्यावर कळलं, कॅप उंच होती. दात मिटले की तीच आधी टेकायची. परत जाऊन सांगावं तर डॉक्टरांना वाईट वाटेल, म्हणून ते गेले नाहीत. शेवटपर्यंत एकाच बाजूनं चावत राहिले. जेवताना त्यांचं तोंड वाकडं व्हायचं आणि आत्या समोर बसून ते बघायची. त्यांच्या त्या भिडस्तपणाचा मला अजून राग येतो.

दाढ घासून झाली, कॅपसाठी माप गेलं, मधले दिवस तात्पुरत्या कॅपवर निघाले. खरी कॅप बसवायच्या दिवशी इंजेक्शन दिलं. बाईंनी रंगीत कागद चावायला दिला, डाग पडला तिथे थोडं घासलं आणि विचारलं, "ठीक वाटतंय?"

"मला काय विचारता? माझा गाल कुठे आहे तेच कळत नाहीये. पक्की चिकटवू नका. बधिरपणा उतरला की सांगते."

"वेळ लागेल, काकू. आज कच्ची लावते. उद्या या, खटकत असेल तर घासून देईन. पुष्कळांना परत यावं लागतं, त्यात काही नाही."

"उद्या मी येणार नाही. उद्या मला वाटेल, चालतंय की. आमचं घराणंच तसं आहे."

आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पेशंट संपले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, दवाखाना बंद करायचाय."

"करा की. मी आत बसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, जरा वैतागलेल्याच. "गिऱ्हाइकांनाही असंच ताटकळत ठेवता का?"

"हो. सोफा झाला की त्यांना चहा देऊन त्यावर बसवून ठेवते. उभ्याउभ्या छान छान म्हणणारा माणूस नंतर पाठ धरून फिरतो, पण बोलत नाही."

बाई तिच्या शेजारी बसल्या. हळूहळू आत्याच्या ओठाला मुंग्या आल्या. तिनं दात मिटले.

"उंच आहे."

परत खुर्ची, परत कागद, परत मशीनचा आवाज. "आता?" "अजून जराशी." मी बुटांकडे बघत उभी होते. बाईंनी पुन्हा घासलं. "आता?"

आत्यानं दात मिटले, जबडा इकडे तिकडे फिरवला. मग जिभेनं बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"कुठली हो होती ती?" तिनं विचारलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझ्या बापाला एवढंच हवं होतं. पुन्हा जाऊन सांगितलं असतं तर मिळालं असतं."

बाईंनी तिच्या हातात कागदी रुमाल दिला. तिचं आवरेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आता पक्की चिकटवते. आणि यापुढे खिळे तोंडात घालायचे नाहीत."

"ते बघू," आत्या म्हणाली आणि तिनं आ वासला.